न्हाणीघरातील ऊन पाणी : गॅस की वीज?



कोकणातून आणि घाटावरून मुंबईत आलेल्या अनेक कुटुंबांच्या घरी एके काळी तांब्याचा बंब असे. त्यात कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या जळत. बंब गॅलरीत वा मागील दारी पेटविला जाई आणि तापलेले पाणी बादलीने मोरीत आणले जाई. धूर बाहेर आणि स्नान आत, असा तो साधा व्यवहार होता. पुढे उपनगरांत इमारती उभ्या राहिल्या, गॅलऱ्या खोल्यांत सामावल्या गेल्या आणि बंबाची जागा गीझरने घेतली. या बदलात धूर बाहेर ठेवण्याची जुनी शिस्त मात्र काही घरांतून नकळत सुटली. म्हणूनच अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथील कुटुंबाने गॅसचा गीझर घ्यावा की विजेचा, हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

प्रथम खर्चाचा विचार करू. १ लिटर पाणी १ अंशाने तापविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. चौघांच्या कुटुंबात प्रत्येकी २० लिटरची एक बादली धरली आणि हिवाळ्यातील पाणी २३ अंशांवरून ४० अंशांवर आणावयाचे म्हटले, तर रोज १,३६० किलोकॅलरी उष्णता हवी. विजेच्या एका युनिटापासून ८६० किलोकॅलरी मिळतात. टाकीतून वाया जाणारी उष्णता जमेस धरता हे काम पावणेदोन ते दोन युनिटांत होते. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरातून, वाया जाणारा भाग वगळून, सुमारे ७,००० किलोकॅलरी पाण्यास मिळतात. म्हणजे रोज एक पंचमांश घनमीटर गॅस पुरतो. सिलिंडरमधील गॅस वापरल्यास रोज दीडशे-एकशे साठ ग्रॅम लागेल आणि केवळ याच कामासाठी ठेवलेला १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे तीन महिने जाईल.

यातून घरच्या घरी पडताळता येईल असा एक ठोकताळा निघतो. एक घनमीटर गॅस सुमारे आठ ते नऊ युनिटांचे काम करतो. वीजबिलाचे दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातात आणि गीझरची युनिटे शेवटच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात मोडतात. त्या टप्प्याच्या दराची आठपट करून ती गॅसच्या घनमीटरच्या दराशी ताडून पाहावी. मुलुंडमध्ये महावितरणचे, तर अंधेरी-बोरिवलीकडे खासगी कंपन्यांचे दर लागू असल्याने प्रत्येकाने आपलेच बिल हाती घ्यावे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीच्या वाहिन्या ज्या इमारतींत पोहोचल्या आहेत, तेथे हा हिशेब बहुधा गॅसच्या बाजूने झुकेल. परंतु मुंबईचा हिवाळा अल्प असतो. एका कुटुंबापुरता हा फरक महिन्याकाठी काही शे रुपयांचाच राहतो, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. गॅस जळण्यास हवा लागते. एक घनमीटर नैसर्गिक वायूस सुमारे दहा घनमीटर. मिनिटाला सहा लिटर ऊन पाणी देणारा गीझर पंधरा मिनिटांत सुमारे तीन घनमीटर हवेतील प्राणवायू वापरून टाकतो. उपनगरातील चार फूट बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात एकूण हवाच पाच-साडेपाच घनमीटर असते! दार बंद, थंडीमुळे खिडकीच्या झडपा झाकलेल्या. अशा वेळी प्राणवायू अपुरा पडतो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. जळून निर्माण होणाऱ्या या वायूला तसा पहारेकरी नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने जखडला जातो. डोके दुखते, भोवळ येते, मळमळते, पाय लुळे पडतात. आणि धोका उमगेपर्यंत कडी काढण्याचेही बळ उरत नाही. २०२० च्या जानेवारीत बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा मृत्यू गॅस गीझरच्या वायूशी जोडला गेला. २०२३ च्या मार्चमध्ये, होळीच्या दिवसांत, घाटकोपर येथे एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हाही संशय याच कारणाचा व्यक्त झाला.

याचा अर्थ गॅस त्याज्य आहे, असा नव्हे. गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेच्या गॅलरीत बसवून केवळ पाण्याची नळी आत आणावी. जुन्या बंबाचीच ती रीत होय. मात्र बाहेर म्हणजे दोन इमारतींमधील बंदिस्त डक्ट नव्हे. तेथे सोडलेला धूर वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो. गीझर आयएस १५५५८ या मानकाचा असावा आणि दरवर्षी त्याचा बर्नर साफ करून घ्यावा. शेवटच्या मजल्यावर पाण्याचा दाब अपुरा असेल, तर हा गीझर नीट पेटतही नाही, याची आधीच खात्री करावी.

अशी मोकळी जागा ज्या घरात नाही, त्या घराने विजेचाच गीझर स्वीकारावा. त्यालाही पथ्ये आहेत. २ किलोवॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर वीज ओढतो. जुन्या चाळीतील वा इमारतीतील बारीक तारांवर तो भार टाकू नये. त्यासाठी १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी, खात्रीचे अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरला वीज तोडणारे संरक्षक उपकरण असावे. टाकीचा गीझर आयएस २०८२ मानकाचा, अधिक तारांकित घ्यावा. त्याची सुरक्षा झडप कधीही बुजवू नये आणि स्नानापूर्वी बटण बंद करण्याची सवय घरातील सर्वांना लावावी. तलावांचे पाणी तुलनेने मृदू असते. इमारत कूपनलिकेचे पाणी वापरीत असेल, तर कॉइलवर क्षार लवकर साचतात, म्हणून तपासणी अधिक वेळा करावी.

गॅस गीझर लावलेल्या न्हाणीघरात कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत आणावे आणि विनाविलंब १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साधी भोवळ समजून वाट पाहू नये.

गृहनिर्माण संस्थांनी याबाबत पुढाकार घ्यावा. कोणत्या सदनिकेत गॅस गीझर न्हाणीघरात बसविला आहे, याची एक पाहणी हिवाळ्यापूर्वी झाली, तर अनेक घरे सावध होतील. गीझर खरेदी करताना दुकानात किंमत विचारली जाते. त्याआधी घरी एक प्रश्न विचारला जावा, धूर जाणार कोठे? त्याचे उत्तर समाधानकारक मिळाले, तरच दरांची तुलना करावी.