शरबत आणि शराब यांच्यामधले दिवस



'शरबत' आणि 'शराब' हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत. अरबीत 'पिणे' या अर्थाचा जो धातू आहे, त्याच्याच पोटी दोघांचा जन्म. एक रमजानच्या इफ्तारीला दस्तरखानावर मानानं बसतो, दुसऱ्याला घराचा उंबरा ओलांडायची परवानगी नाही. असंच आणखी एक घराणं आहे. 'खम्र' म्हणजे मद्य, 'खमीर' म्हणजे आंबवण आणि 'खिमार' म्हणजे बायकांच्या डोक्यावरची ओढणी. तिघांच्या मुळाशी 'झाकणे' हा अर्थ. ओढणी केस झाकते, दारू अक्कल झाकते, आणि खमीर घातलेली कणीक फडक्याखाली झाकून ठेवावी लागते हे कुठल्याही नानबाईला ठाऊक असतं. आपल्या मराठीतली 'खुमारी' याच कुळातली. आपण ती झोपेला लावतो, गाण्याला लावतो, आणि तिचं माहेर विसरतो.

हे शब्द मी आयुष्यभर वापरत आलो. गझल लिहिणाऱ्याला साकी, प्याला, मयखाना यांच्यावाचून चालत नाही. माधव जूलियनांनी उमर खय्याम मराठीत आणला तेव्हा 'द्राक्षकन्या' हा सुंदर शब्द आपल्याला मिळाला. फारसी कवी शराबेला 'द्राक्षाची लेक' म्हणतात, त्याचंच हे मराठी रूप. पण या कन्येशी माझी ओळख फक्त कागदावरची. एकदा माझी एक गझल रेडिओवर लागली. ती ऐकून अम्मीनं विचारलं, "कब से पीने लगा रे तू?" मी म्हटलं, "अम्मी, एक थेंबही नाही. उर्दूतले रियाज खैराबादी जन्मभर शराबेवर लिहीत राहिले, पण त्यांनी तिला कधी ओठ लावले नाहीत." त्यावर अम्मी म्हणाली, "उनका वो जाने. जिसका स्वाद नै मालूम, उसपे तू कायकू लिखता?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी भाच्याकडे ब्रसेल्सला गेलो असताना त्यानं विचारलं, "मामू, काय काय बघायचंय?" तेव्हा मी म्हटलं, "दारू कशी होते ते दाखव." तो बिचारा गडबडला. तोही न पिणारा. शेवटी त्यानं ऑफिसातल्या एका मित्राला बोलावलं. मुलगा सांगलीकडचा, खाण्यापिण्याचा शौकीन. असे आम्ही तिघं अँडरलेख्त भागातल्या काँटियों नावाच्या बिअरच्या कारखान्यात गेलो. ही जाहिरात नव्हे. न पिणाऱ्या माणसाच्या जाहिरातीला कोण भुलणार?

कारखाना १९०० सालचा. एका कुटुंबाचा. रेल्वे स्टेशनापासून चालत जाण्यासारखा. आजूबाजूला मोरोक्कोहून आलेल्यांची मोठी वस्ती, त्यांची खाटकांची दुकानं, खजुराचे ढीग. आणि मधोमध हे आंबट वासाचं जुनं घर. १९७८ पासून ते संग्रहालय म्हणूनही खुलं आहे. तिकीट काढायचं, फिरायचं, शेवटी चव घ्यायला पेला मिळतो.

इथे जी बिअर होते तिला 'लांबिक' म्हणतात. ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येचा झेन नदीच्या खोऱ्यातला मुलूख हे तिचं घर. मोड आणून वाळवलेलं सातू आणि त्याच्या जोडीला साधारण एक तृतीयांश कच्चा गहू यांचा गोड काढा करतात. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून तो तासन् तास उकळतात. फुलंही ताजी नाहीत, मुद्दाम वर्षानुवर्षं जुनी केलेली, म्हणजे कडूपणा जातो आणि काढा टिकवण्याचा गुण राहतो. जुनी फुलं आणि कच्चा गहू सोडला तर इथवर कुठल्याही बिअरसारखंच. पुढची गंमत माळ्यावर आहे. कौलांखाली तांब्याची एक प्रचंड उथळ परात आहे, खोली एवढी. उकळता काढा संध्याकाळी तिच्यात ओततात, खिडक्या उघड्या ठेवतात आणि निघून जातात.

बस्स. कुणी यीस्ट घालत नाही. रात्रभर काढा निवतो आणि हवेत जे काही तरंगत असेल ते त्यात उतरतं. थंडीच्या महिन्यांतच हे करता येतं, कारण उन्हाळ्याच्या रात्री नको ते जंतू हवेत माजतात. सकाळी तो काढा लाकडी पिंपांत जातो आणि तिथे एक, दोन, तीन वर्षं पडून राहतो. पिंपांच्या खोलीत जळमटं लोंबत असतात, ती झाडायची नाहीत. फळांवर येणारी चिलटं कोळी खातात, म्हणून कोळ्यांना अभय. आमच्या घरात हे कारण चाललं असतं तर माझी बायको सुखी झाली असती.

मला आठवली ती आंबोळी. पीठ भिजवून रात्री ठेवलं की सकाळी फुगून वर येतं. आपण त्यात काय घालतो? काही नाही. डाळ-तांदळावरचे आणि हवेतले जीव आपलं काम करतात. फरक एवढाच की आपली गृहिणी दुसऱ्या दिवशी तवा चढवते आणि ही मंडळी तीन वर्षं थांबतात.

आता फळ. 'क्रीक' म्हणजे फ्लेमिश भाषेत आंबट चेरी. दीड-एक वर्ष मुरलेल्या लांबिकमध्ये लिटरला सुमारे दोनशे ग्रॅम या हिशेबानं अख्ख्या चेरी, बियांसकट, उन्हाळ्यात टाकतात. पिंपातले जंगली यीस्ट फळातली साखर खाऊन टाकतात. रंग राहतो, वास राहतो, आंबटपणा राहतो; गोडी जाते. जर्दाळूचीही करतात. जर्दाळू म्हणजे आमच्या हैदराबादी लग्नातली खुबानी. तिचं हे होतं हे बघून मला जरा वाईटच वाटलं.

पेले आले. माझा मी सांगलीकर पोरापुढे सरकवला, पण आधी नाकापाशी धरला. वासाला फतवा नाही असं मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं. माहितीपत्रकात इंग्रजीत लिहिलं होतं की या बिअरला घोड्याच्या झुलीचा वास येतो. परदेशी लोकांची एक हौस, असं वाटलं होतं. पण वास घेतला आणि मी थेट मिरजेला पोचलो. आमच्या घरामागे टांगेवाल्यांचा तबेला होता. पावसात भिजलेली झूल, ओलं गवत, चामड्याचा पट्टा, आणि या सगळ्यावर कुणीतरी पिकल्या जांभळांची पाटी ओतलेली. अगदी तोच वास. हे काम ब्रेटॅनोमायसेस नावाच्या यीस्टचं. १९०४ साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत इंग्लिश बिअरचा अभ्यास करताना ते वेगळं ओळखलं गेलं, म्हणून त्याच्या नावात 'ब्रिटिश' आहे. त्याच्या एका जातीला पुढे ब्रसेल्सचं नाव मिळालं.

पोरानं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"काय रे?"

"काका, दात आंबले."

मी वही काढली. म्हटलं, "नीट सांग. मला प्यायचं नाही, पण कळायला पाहिजे." तो बिचारा विचार करकरून सांगत होता. आमसुलाचं सार, साखर घालायची राहून गेलेलं. मग कच्च्या जांभळासारखी तुरट चव, जीभ आखडते. मग बराच वेळ काही नाही. आणि अगदी शेवटी, घोट गेल्यावर, बदामाच्या सालीसारखा एक वास मागून येतो. तो बियांचा. चेरी आणि बदाम एकाच कुळातले, त्यांच्या बियांत तेच सुगंधी द्रव्य. "आणि नशा?" मी विचारलं. तो हसला. "पाच-सहा टक्केच असेल काका. नशा चढायच्या आधी आंबटच चढतं."

'दात आंबणे' या शब्दप्रयोगाला दुसऱ्या कुठल्या भाषेत इतकी नेमकी जोड असेल, मला शंका आहे. चवीच्या बाबतीत मराठी गरीब नाही. आपण फक्त ते शब्द स्वयंपाकघरातून बाहेर आणत नाही.

संध्याकाळी तो आम्हाला एका बारमध्ये घेऊन गेला. म्हणाला, "आता कडक दाखवतो." कडक हा आपला आवडता शब्द. चहा कडक, ऊन कडक, साहेब कडक. इथे कडक म्हणजे आठ टक्के, लाल, चेरीचीच, पण गोड. मी वास घेतला. लहानपणीचं खोकल्याचं औषध. तबेला नाही, बदाम नाही. पोरानं अर्धा पेला सहज संपवला आणि म्हणाला, "ही जाते पटकन." मला तीच भीतीची गोष्ट वाटली. सकाळची बिअर तोंडावर सांगत होती की मी आंबलेली आहे, सांभाळून राहा. ही शरबताचा बुरखा घेऊन आली होती. दोन्हींत मला पसंती करायला सांगितली तर मी त्या आंबट, उर्मट बाईच्या बाजूनं उभा राहीन.

बेल्जियममध्ये अशा कडक बिअर इतक्या का, याचं एक कारण मजेदार आहे. १९१९ साली व्हँडरव्हेल्डे नावाच्या समाजवादी मंत्र्यानं कायदा आणला. कामगार दारूपायी बुडतोय म्हणून गुत्त्यांतून जिन वगैरे जालीम दारूच्या विक्रीला बंदी केली. बिअर मात्र चालू. मग बिअरवाल्यांनी बिअरच तगडी केली. तो कायदा १९८३ पर्यंत टिकला. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं 'परमिट रूम' हा शब्द गावोगावच्या पाट्यांवर आणला. तहान कायद्यापेक्षा हुशार असते.

दुसऱ्या दिवशी स्कारबेकला गेलो. हाही ब्रसेल्सचाच भाग. क्रीकसाठी नावाजलेली चेरी मूळची इथली. इथले शेतकरी गाढवांवर फळं लादून शहराच्या बाजारात नेत, म्हणून या गावाला अजून गाढवांचं गाव म्हणतात. आता बागा गेल्या, घरं आली. आणि घरांत आले तुर्क. १९६४ साली बेल्जियमनं मोरोक्को आणि तुर्कस्तान या दोघांशी मजूर आणण्याचे करार केले. तुर्कस्तानातल्या एमिरदाग भागातली कितीतरी कुटुंबं इथे स्थिरावली.

आता गंमत बघा. रोमन लेखक प्लिनी सांगतो की लुकुलस नावाच्या सेनापतीनं चेरीचं झाड काळ्या समुद्राकाठच्या पाँटसहून रोमला आणलं. 'चेरी' हा शब्दही तिथल्याच केरासूस या जुन्या शहराशी जोडतात. ते शहर म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं गिरेसून. झाड आधी गेलं, माणसं दोन हजार वर्षांनी मागून आली, आणि ती येईपर्यंत झाडं तोडली गेली होती.

तिथल्या एका तुर्की दुकानात 'विश्ने'ची बाटली मिळाली. विश्ने म्हणजे तीच आंबट चेरी. ती पिताना माझ्या मनात हदीसमधला एक उल्लेख घोळत होता. पैगंबरसाहेबांसाठी मनुका पाण्यात भिजत घालत. ते पाणी ते त्या दिवशी घेत, दुसऱ्या दिवशी घेत, तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घेत. त्यानंतर उरलेलं ते स्वतः घेत नसत. लहानपणी हे ऐकलं तेव्हा ती फक्त एक शिस्त वाटली होती. पिंपांच्या त्या खोलीत उभं राहिल्यावर कळलं की हे सांगणाऱ्याला आंबण्याचं शास्त्र हाताच्या बोटांवर ठाऊक होतं. शरबत आणि शराब यांच्यात भिंत नाही. काही दिवस आहेत, आणि ते मोजावे लागतात.

रात्री भाच्याच्या घरी ते विश्ने आम्ही तिघांनी गार पाणी घालून घेतलं. मी पेला एका दमात संपवला; छान होतं, गोड, गर्द लाल. सांगलीकर पोरानं मात्र घोट तोंडात घोळवला, थांबला आणि म्हणाला,

"काका, यात बी नाहीये."