माहेर दूर असलेल्या शहरातले बाळंतपण



प्रसूतीच्या वेळी बाईला सोबत करणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्या डूलांची परिषद मुंबईत किंवा पुण्यात भरेल, असेच कोणालाही वाटले असते. डूला म्हटले की उपनगरातल्या मोठ्या सोसायटीत राहणारी, प्रसूतीपूर्व वर्गाला जाणारी आणि या सेवेसाठी पैसे मोजू शकणारी गर्भवती डोळ्यांपुढे येते. परिषदेने यंदा भिवंडी निवडली, याचा मला मनापासून आनंद आहे. मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. ही सेवा सुखवस्तू घरांची हौस म्हणून आपल्याकडे आली असली, तरी तिची खरी निकड अशा शहरांत आहे, आणि ती इथे सरकारी रुग्णालयातूनच मिळाली पाहिजे.

2011च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती. त्यातला फार मोठा भाग यंत्रमागांच्या आधाराने इथे आला. उत्तर प्रदेश आणि बिहारमधले कामगार आले, तेलंगणातले पद्मशाली विणकर आले. तालुक्यात आगरी आणि कुणबी गावे आहेत, कातकरी आणि वारली पाडे आहेत. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे आणि थोड्याफार फरकाने ती उत्तरेतही आहे, तेलुगू घरांतही आहे. ही रीत नुसत्या लाडाकोडाची नाही. कळा सुरू झाल्यावर आई, मावशी, काकू यांपैकी कोणीतरी जवळ असेल, याची ती व्यवस्था होती. स्थलांतराने ती मोडली. माहेर आझमगढला किंवा करीमनगरला, नवरा बारा तासांच्या पाळीत मागावर, शेजारीण चांगली असली तरी तिचीही दोन-तीन लहान मुले घरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातल्या 94.7 टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्याचे आढळले. ही कमाई मोठी आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण बाळंतपण घरातून दवाखान्यात आणताना आपण बाईला आत घेतले आणि तिच्या सोबतीला दाराबाहेर थांबवले.

ही चूक सरकारच्याही लक्षात आली. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास परवानगी दिली. डिसेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने प्रसूतिकक्षाच्या दर्जाच्या तपासणीत तो मुद्दा घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली. 2020 मध्ये संघटनेने प्रसूतीच्या नोंदींचा नवा तक्ता दिला, त्यात बाळाच्या ठोक्यांबरोबर सोबतीण हजर आहे की नाही, याचीही वेळोवेळी नोंद करायची असते. 2016च्या परवानगीने मात्र सोबतीण म्हणून गृहीत धरली आहे ती नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. नियम चांगला आहे. पण जिच्या नात्यातली बाई हजार किलोमीटरवर आहे, तिला या परवानगीचा काय उपयोग? अशा बाईसाठी प्रशिक्षित सोबतीण रुग्णालयानेच पुरवायला हवी.

अनोळखी बाईच्या सोबतीने खरोखर काही साधते का, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 1980 पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी ग्वाटेमालातल्या एका सार्वजनिक रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे त्यामागचे दोन बालरोगतज्ज्ञ. तिथे सोबत करणाऱ्या बायका वैद्यकीय शिक्षण नसलेल्या आणि प्रसूत होणाऱ्या बाईला पूर्वी कधीही न भेटलेल्या होत्या. त्या फक्त जवळ बसत, पाठ चोळत, बोलत. तरीही सोबत मिळालेल्या बायकांची प्रसूती लवकर झाली आणि गुंतागुंत कमी आढळली. 1991 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात, गरीब बायका येत अशा सरकारी रुग्णालयात, सोबत मिळालेल्या गटात सिझरचे प्रमाण 8 टक्के आणि नेहमीच्या पद्धतीने प्रसूत झालेल्या गटात 18 टक्के निघाले. 2017च्या कॉक्रेन आढाव्यात 26 चाचण्यांमधल्या पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली आहे. अखंड सोबत मिळालेल्यांत नैसर्गिक प्रसूती अधिक झाल्या, कळांचा काळ सरासरीने सुमारे चाळीस मिनिटांनी कमी झाला आणि प्रसूतीविषयी कटू भावना कमी राहिली. यात जादू काही नाही. भीतीने शरीरात अॅड्रिनॅलिन वाढते आणि गर्भाशयाचे आकुंचन मंदावते. कळा मंदावल्या की त्या वाढवायचे इंजेक्शन सुरू होते आणि पुढच्या हस्तक्षेपांची वाट मोकळी होते. हात धरणारी, उठून चार पावले चालवणारी, कुशीवर वळायला मदत करणारी, घोटभर पाणी देणारी बाई ही साखळी पहिल्याच कडीशी अडवू शकते.

इथे मला आपल्याच लोकांना एक इशारा द्यायचा आहे. ‘डूला असेल तर सिझर टळते’ अशी जाहिरात कृपा करून करू नका. कॉक्रेनच्या लेखकांनीच सिझरविषयीचा पुरावा कमी खात्रीचा मानला आहे, आणि चाचण्यांतला बराच भाग श्रीमंत देशांतला आहे. शिवाय 2019 ते 2021च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सिझरचे प्रमाण 25.4 टक्क्यांवर गेलेले आढळले असले, तरी त्या एका आकड्यात दोन अगदी वेगळ्या बायका दडलेल्या आहेत. एकीला गरज नसताना टाके पडतात. दुसरी पाड्यावरून इतक्या उशिरा पोहोचते की वेळेवर झालेले सिझरच तिला वाचवू शकले असते. सोबतिणीने या दुसरीच्या मनात शस्त्रक्रियेविषयी धास्ती भरली, तर तो गुन्हा ठरेल. आपला दावा यापेक्षा साधा आणि भक्कम आहे. कळा देणाऱ्या बाईला एकटे ठेवू नये, आणि तिच्यावर कोणी ओरडत असेल, पोट जोराने दाबत असेल, तर ते पाहणारे एक आपले माणूस तिथे असावे. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांतल्या अभ्यासात सोबत नसलेल्या बायकांनी गैरवर्तनाचे अनुभव अधिक सांगितले. केवळ साक्षीदार हजर असण्यानेही वागणूक सुधारू शकते.

डॉक्टरांचे आक्षेप मी हलके मानत नाही. प्रसूतिकक्षात टेबलाला टेबल लागलेले असते, एक जादा माणूस आले की गर्दी होते, जंतुसंसर्गाची भीती असते, दुसऱ्या बाईचा आडपडदा जातो. हे खरे आहे, आणि यावरचा उपाय म्हणजे दोन टेबलांमध्ये पडदा, स्वच्छ गाऊन आणि ठरलेली माणसे. रोज बदलणाऱ्या नातेवाइकांपेक्षा हात धुण्याची शिस्त अंगी बाणलेली, रुग्णालयाला माहीत असलेली सोबतीण या दृष्टीने उलट सोयीची. तमिळनाडूने 2004 पासून सरकारी रुग्णालयांत सोबतिणीला आत घेतले आहे. दुसरा आक्षेप ढवळाढवळीचा. त्याला आपण रेषा आखूनच उत्तर दिले पाहिजे. डूलाने आतून तपासणी करायची नाही, रक्तदाब घ्यायचा नाही, औषध सुचवायचे नाही, डॉक्टरांच्या निर्णयावर बाईसमोर शेरा मारायचा नाही. बाईला समजले नसेल तर ‘तिला पुन्हा एकदा सांगता का’ एवढे म्हणायचे. ही रेषा ओलांडणारी आपल्या व्यवसायात राहू नये.

परिचारिकांचे दुखणे वेगळे आहे आणि ते मला अधिक बोलके वाटते. धीर देणे हे आमचेच काम, ते काढून दुसरीला का देता, असे त्या विचारतात. एका पाळीत चार-पाच प्रसूती, नोंदवह्या, सलाईन, नवजात बाळाची काळजी हे सगळे करणाऱ्या सिस्टरने एका बाईजवळ सलग सहा तास बसावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पण त्यांची खरी भीती अशी की स्वस्तातल्या सोबतिणी मिळाल्या की परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरल्याच जाणार नाहीत. ही भीती निराधार नाही. म्हणून डूलाची मागणी करताना परिचारिकांच्या भरतीची आणि केंद्र सरकारच्या 2018च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मिडवाइफ तयार करण्याची मागणी आपण त्याच निवेदनात केली पाहिजे. आपण त्यांच्या शेजारी उभ्या राहणार आहोत, त्यांच्या जागी नाही.

आशाताई आहेतच की, त्यांनाच बसवा, असे प्रशासनात सहज सुचवले जाते. जननी सुरक्षा योजनेपासून, म्हणजे 2005 पासून, आशाताई बाईला दवाखान्यापर्यंत आणतात. लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत सारा भार त्यांच्यावर आहे, त्यात रात्रभराची सोबत घालणे हा जुलूम होईल. आणखी काहींना यात सुईण मागच्या दाराने परत येताना दिसते. सुईण बाळंतपण करत असे, डूला ते करत नाही. मात्र सुईणीच्या हातात असलेला धीर वाया जाऊ द्यावा असे मला वाटत नाही, आणि पाड्यांवरच्या जाणत्या बायकांना या प्रशिक्षणात पहिली जागा द्यावी. इथून जवळच, कल्याणला 1865 मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचे पहिले मूल दहा दिवसांत गेले आणि त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. 1886 मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. बाईच्या अडल्या वेळी जवळ कोण असावे, हा प्रश्न या मातीत जुना आहे.

आता पैशांविषयी स्पष्ट बोलते. हे काम सेवा म्हणून फुकट करून घेऊ नये. बायकांचे श्रम पुण्याच्या नावाखाली फुकट वापरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. माझा प्रस्ताव असा आहे की इथल्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात, दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही पाळ्यांत, प्रशिक्षित सोबतिणी असाव्यात. त्या यंत्रमागांच्या वस्त्यांतून आणि पाड्यांवरून निवडाव्यात, म्हणजे उर्दू, भोजपुरी, तेलुगू आणि कातकरी बोलणारी कोणी ना कोणी प्रत्येक पाळीत सापडेल. गुंतागुंत होऊन बाईला ठाण्याला किंवा कळव्याला हलवावे लागले, तर सोबतीण रुग्णवाहिकेत तिच्याबरोबर जावी, कारण भीती सर्वांत जास्त असते ती त्या प्रवासात. आणि मानधन पाळीच्या हिशेबाने द्यावे, प्रसूतीमागे देऊ नये. जिला दर प्रसूतीमागे पैसे मिळतात, तिला बाळंतपण लवकर उरकण्यात रस निर्माण होतो, आणि ज्या रात्री एकाच बाईजवळ बारा तास बसावे लागते त्या रात्री ती तोट्यात जाते. उद्याच्या ठरावांच्या मसुद्यात मानधनाचे कलम ‘प्रति प्रसूती’ असे छापले गेले आहे. ते बदलून ‘प्रति पाळी’ करावे, अशी दुरुस्ती मी अध्यक्ष या नात्याने मांडते आहे.