गोष्ट सांगा, जागा दाखवा, ठराव करा

(वनहक्क शिबिरात संघटनेच्या तरुण साथींच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला बोलायला विषय दिला आहे हवामान बदल. हा शब्द पाड्यावर नेला की काय होतं ते आम्ही बघितलं आहे. कार्बन, सेल्सिअस, उत्तर ध्रुवाचा बर्फ असं बोलायला लागलं की म्हातारी माणसं मान हलवतात, बिडी पेटवतात आणि सभा संपली की विचारतात, "आमच्या दाव्याचं काय झालं?" त्यांचं काही चुकत नाही. पण त्याच म्हाताऱ्यांना विचारा, "आजा, तुमच्या वेळी मृगाचा पाऊस कसा यायचा?" मग मध्यरात्रीपर्यंत बोलणं थांबत नाही. कुठला झरा कधी आटायचा, मोह कधी गळायचा, रोहिणीत राबात बी कसं टाकायचे, सगळं तोंडपाठ. म्हणजे विषय त्यांना माहीत आहे. आपणच परक्या शब्दात विचारत होतो.

म्हणून आज आमचं म्हणणं एवढंच आहे. जंगल राखायचं काम आणि जमिनीच्या हक्काचं काम वेगळं नाही. दोन्हीसाठी आपल्याकडे एक हत्यार पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. ते हत्यार म्हणजे गोष्ट.

आधी पावसाचं बघू. हवा म्हणजे एक हंडा समजा. हवा तापली की हा हंडा मोठा होतो. 1 अंश तापली की हवेत साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते. मोठा हंडा भरायला वेळ लागतो, म्हणून मध्येच पावसाचा खंड पडतो आणि रोपं राबातच करपतात. आणि हंडा उपडा झाला की दोन दिवसात सगळा ओततो, बांध फुटतात, माती ओढ्याला जाते. भात कापून शेतात पडलंय आणि वरून पाऊस, हेही आपण भोगतो. जंगल असलं तर पानांचा थर आणि मुळं त्या पाण्याला धरून ठेवतात, झरा चैत्रापर्यंत चालतो. डोंगर उघडा असला तर पाणी आलं तसं निघून जातं.

हवा तापवली कोणी? दीडशे-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून कारखाने, गाड्या, विजेची केंद्रं चालवली त्यांनी. आपल्या डोंगरातून तानसा-वैतरणेचं पाणी नळाने मुंबईला जातं, आणि ह्याच डोंगरातल्या बाया होळीनंतर झऱ्यापाशी बसून वाटीवाटीने हंडा भरतात. वर आपल्यालाच ऐकवतात की आदिवासी जंगल संपवतो. ही पण एक गोष्टच आहे, साथींनो. ती खोटी आहे, पण शंभर वर्षं सांगितली गेली म्हणून खरी वाटते. तिला उत्तर द्यायचं तर आपली खरी गोष्ट तितक्याच जोराने सांगावी लागेल.

कोणी म्हणेल, गोष्टीने काय होतं? काय झालं ते सांगतो.

हिमालयात चमोली जिल्ह्यात रेणी नावाचं गाव आहे. मार्च 1974 मध्ये तिथे ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली. गावातले पुरुष त्या दिवशी बाहेर होते. गौरादेवी नावाच्या बाईने इतर बायांना गोळा केलं आणि त्या झाडांच्या आड उभ्या राहिल्या. त्यांनी लाकडाच्या घनफुटाचा हिशेब मांडला नाही. जंगल आमचं माहेर आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. माहेर म्हटल्यावर बाईला दुसरं काही समजवावं लागतं का? तोडणारे परत गेले. पुढे सरकारी समिती बसली आणि त्या खोऱ्यात 10 वर्षं तोडबंदी झाली.

दुसरं उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचं. तिथे डोंगरिया कोंध आदिवासी राहतात. डोंगराच्या माथ्यावर बॉक्साईटची खाण काढायची होती. तो डोंगर म्हणजे त्यांचा देव, नियमराजा. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की देवाधर्माचा आणि वनहक्काचा प्रश्न आधी ग्रामसभांपुढे ठेवा. त्या वर्षी 12 गावांत ग्रामसभा झाल्या. माणसं उभी राहून आपल्या भाषेत सांगत होती, हा डोंगर आमचा कोण लागतो. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. जानेवारी 2014 मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानेही परवानगी नाकारली. देवाची गोष्ट होती, पण ती ग्रामसभेत सांगितली गेली, लिहिली गेली, ठरावात आली. म्हणून ती टिकली.

तिसरं आपल्या महाराष्ट्रातलं. गडचिरोलीत मेंढा-लेखा हे गोंड गाव आहे. आमच्या गावात आम्हीच सरकार, असं ते 1980 नंतरच्या दशकात म्हणायला लागले. तेव्हा वनहक्काचा कायदा नव्हता. लोक हसले असतील. पण गावाने अभ्यासगट चालवले, सगळ्यांच्या संमतीने निर्णय घ्यायची सवय लावली, जंगल राखलं. कायदा आला 2006 मध्ये. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हातात आला. आधी मनात गाव उभं केलं, मग कागद मागून आला. नुसतं स्वप्न बघत बसले असते तर हे झालं नसतं, हेही लक्षात ठेवा.

आता कायद्याचं. आपल्या एका पाड्याचा दावा "पुरावा अपुरा" असा शेरा मारून परत आला. कचेरीत सांगितलं, म्हाताऱ्यांच्या गोष्टी म्हणजे पुरावा नाही. साथींनो, वनहक्क नियमातला 13 वा नियम वाचा, वाचता येत नसेल तर पोरांकडून वाचून घ्या. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं तर तो पुरावा धरायचा, असं त्यात आहे. देवाची झाडं, देवराई, मसणवट, जुन्या घरांच्या खुणा, पाण्याची ठिकाणं, गुरं चारायच्या जागा, कंदमुळं आणि औषधी गोळा करायच्या जागा, हे सगळं त्यात येतं. एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे असंही लिहिलं आहे. म्हणजे आजीने सांगितलेली वाघदेवाची गोष्ट आणि ज्या दगडाला आपण वाघबारशीला शेंदूर लावतो तो दगड, दोन्ही मिळून दाव्याला बळ येतं. आणि ह्याच कायद्याच्या कलम 5 मध्ये जंगल, वन्यजीव, पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. कोणी परवानगी देईल म्हणून थांबायचं कारण नाही.

आपल्या गोष्टींत राखायचे नियम आधीपासून आहेतच. तेरा सण झाल्याशिवाय तेऱ्याची भाजी तोडायची नाही, म्हणजे कोवळं रोप वाढायला वेळ मिळतो. कणसरीला जिथे मान नाही तिथून ती निघून जाते, म्हणून खळ्यावर दाणा सांडू देत नाही, बियाणं वेगळं जपून ठेवतो. ज्यांच्या घरी नागली-वरईचं जुनं बी आहे त्यांनी हे जास्त समजून घ्या. पाऊस खंड घेतो तेव्हा डोंगरउतारावर नागलीच तग धरते.

दोन गोष्टींपासून मात्र सावध राहा. एक, नुसती भीती घालू नका. जग बुडणार, पाऊस संपणार असं सांगितलं की माणूस हात टेकतो, पोरं म्हणतात मग जाऊ मुंबईला नाहीतर वीटभट्टीवर. दुःख सांगा, पण त्याच्या शेवटी करायचं काय तेही सांगा. दुसरं, बाहेरून कॅमेरा घेऊन येतात त्यांना आपला रडका चेहरा पाहिजे असतो. आपण हात पसरलेला दाखवायचा नाही. आपण राखलेलं जंगल दाखवायचं. आणि वाढवून सांगू नका. झरा माघात आटतो तर माघच सांगा, दिवाळी सांगू नका. एक खोटं सापडलं की आपलं सगळं खरं खोटं ठरवतात.

आता काम. पुढच्या अमावस्येच्या आत प्रत्येक पाड्याने तीन कामं करायची आहेत.

पहिलं, शिवारफेरी. दोन म्हातारे, दोन म्हाताऱ्या आणि दोन शिकलेली पोरं बरोबर घ्या. गोष्ट घरात बसून ऐकू नका, जागेवर ऐका. झऱ्यापाशी झऱ्याची, देवापाशी देवाची. कोण बोललं, कुठे बोललं, कुठल्या साली काय होतं, आता काय आहे ते वहीत उतरवा. सांगणाऱ्याला वाचून दाखवा, मग सही नाहीतर अंगठा घ्या. थाळीवर कथा लावणारे जाणते आहेत त्यांना मानाने बोलवा. त्यांच्या कथेत कितीतरी डोंगर-ओढ्यांची नावं आहेत, ती नकाशात कुठेच नाहीत.

दुसरं, पोरांची गोष्ट. शाळेतल्या पोरांना सांगा, तुम्ही आईबाप झालात तेव्हाचं गाव सांगा. एक गोष्ट, काहीच केलं नाही तर कसं असेल. दुसरी, जंगल राखलं तर कसं असेल. चित्रं काढू द्या, भिंतीवर वारली चित्रात काढली तरी चालेल. ही चित्रं ग्रामसभेत लावा. पोर जेव्हा बापाला सांगतं की माझ्या चित्रात झऱ्याला पाणी आहे, तेव्हा कुऱ्हाड उचलताना बाप एकदा तरी थांबतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठराव. गोष्ट ऐकून डोळे पुसून घरी गेलो तर काही झालं नाही. गोष्ट संपली की त्याच बैठकीत ठरवा: ह्या झऱ्याच्या वरची झाडं तोडायची नाहीत, वणवा लागला तर कोणत्या घरातून कोण धावणार, नागलीचं बी कोणाकडे साठवायचं. आधी एकच ठरवा, पण ते पाळा. ठरावाच्या सभेत बायांचा आवाज हवा. पाणी त्या आणतात, झरा आटल्याचं आधी त्यांना कळतं.

सगळ्या वह्या संघटनेकडे आणा. त्यातून दाव्याचे कागद तयार होतील आणि शेरा मारून परत आलेला दावा आपण पुन्हा दाखल करू. ह्या वेळी कचेरीत जाताना फक्त कागद नेणार नाही, सांगणारी म्हातारी माणसंही बरोबर असतील. साहेबाला त्यांनी सांगावं, डोळ्यात डोळे घालून.

म्हातारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर गोष्ट गेली की पुरावाही गेला. म्हणून आजपासून लागा.

जोहार.