समुद्रगरुडाचे छायाचित्र आणि तांडेलाचा रोज



कामगार संघटनेच्या माणसाने मजुरी, महागाई, बोनस यांवर बोलावे; गरुडाची छायाचित्रे हा काही त्याचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा विषयांच्या हद्दी पाळण्याची सवय आम्हांला लागलीच नाही. शिवाय आजचा विषयही अखेर मजुरीपाशीच येऊन पोहोचणार आहे.

कोकणात ज्याला काकण म्हणतात, तो पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. पंखांचा पसारा सुमारे २ मीटर, डोके आणि पोट पांढरेशुभ्र, पाठ राखी, शेपूट पाचरीसारखी. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे खाणे. घरट्याखाली सापांची हाडे पडलेली सापडतात. तो बहुधा पाण्याला नुसता पंजा लावतो आणि मासा घेऊन वर निघतो. एवढा कारभार पापणी लवते तोवर आटोपतो, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाइतकाच उघडावा लागतो.

आपल्या किनाऱ्याला सकाळ साधावी. सूर्य डोंगराकडून वर येतो, आपल्या पाठीशी राहतो आणि समुद्रावरचा पक्षी उजळून निघतो. संध्याकाळी सूर्य समुद्रावर उतरतो. मग गरुडाची नुसती काळी आकृती हाती लागते. आणखी एक गोष्ट. मागे गडद पाणी असले की कॅमेरा फसतो, जास्त प्रकाश घेतो आणि पांढरे पोट चुन्यासारखे सपाट होऊन पिसांची रेघही उरत नाही. तेथे प्रकाश हाताने कमी करावा. मागे उजळ आकाश असेल तर नेमके उलट.

पण हे सारे पुस्तकातून शिकता येते. अडचण आहे ती अंतराची. भिंग कितीही लांबचे असो, हौशी माणसाला आणखी जवळ जायचे असते, आणि सर्वांत जवळचा गरुड म्हणजे घरट्यावरचा. साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्याची वीण. उंच जुन्या झाडावर काटक्यांचा मोठा ढीग, वर्षानुवर्षे तोच. अंडी बहुधा २. मादी उठली की अंडी उन्हात पडतात आणि कावळा टपलेलाच असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तीत पक्ष्याच्या घरट्याला उपद्रव देणेही येते. म्हणजे बंदूक नसली तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच!

मग नाव घरट्याखाली नेतो कोण? लोक तांडेलाला दोष देतात. आम्ही विचारतो, त्याच्याशी सौदा काय ठरला होता? "गरुड जवळून दाखवलास तर वरती बक्षीस." यालाच आमच्या भाषेत नगावरची मजुरी म्हणतात. कारखान्यात नगावर मजुरी लावली की कामगार यंत्राचे संरक्षक झाकण काढून ठेवतो, कारण झाकणामुळे नग कमी निघतात. आणि बोट तुटले की निष्काळजी तोच ठरतो. तांडेलाचेही तेच आहे. मलेशियातील लंकावी बेटांत तर पर्यटकांसाठी नावेवरून कोंबडीची कातडी फेकून घारी आणि गरुड जमवण्याची रीतच पडली. चित्रे भरपूर मिळतात. पण त्यांत शिकार करणारा गरुड नसतो, ताटावर आलेला असतो.

म्हणून आम्ही किनाऱ्यावरच बोलून घेतो: पुरा रोज देऊ, गरुड दिसो वा न दिसो. आमिष फेकायचे नाही. घरट्याचे झाड दिसले की नाव बाहेर वळवायची. एवढे ठरले की तांडेलही निवांत होतो, आणि गरुड कोणत्या खाडीच्या तोंडाशी, कोणत्या भरतीला उतरतो, हे आपण होऊन सांगू लागतो. ते ज्ञान कोणत्याही भिंगाहून मोलाचे आहे.

आता दिवे मालवावेत. चित्रे थोडीच आहेत. पहिल्यात गरुड फार लहान दिसेल. डाव्या हाताला, लाटेच्या वर पाहावे. त्याच्या पंजात समुद्रसाप आहे.