अनाहूत मातृत्व

मराठी भाषेने मातृत्वाचे कोडकौतुक मोठ्या हौसेने केले आहे. डोहाळे, डोहाळजेवण, ओटीभरण, बाळंतविडा, बारसे असे एकाहून एक गोड शब्द तिने या एका अवस्थेसाठी राखून ठेवले. परंतु हे सारे शब्द हव्या असलेल्या गर्भाचे आहेत. जो गर्भ कोणी मागितला नव्हता, त्याच्यासाठी तिच्यापाशी केवळ कुजबूज आहे. ‘पिशवी धुऊन घेतली’ एवढ्या तीन शब्दांत बायका ती हकीगत एकमेकींच्या कानी घालतात आणि विषय बदलतात. ज्या गोष्टीचा उघड उच्चार होत नाही ती गोष्ट विरळाच घडत असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे.

२०१५ ते २०१९ या काळात जगभरात दरसाल सुमारे १२ कोटी १० लाख गर्भधारणा अनपेक्षित होत्या, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली मांडला. एकूण गर्भधारणांशी हे प्रमाण ताडून पाहिले, तर ते निम्म्याच्या जवळ जाते. भारताचा हिशेबही वेगळा नाही. २०१५ साली या देशात सुमारे ४ कोटी ८१ लाख गर्भधारणा झाल्या आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या अनपेक्षित होत्या. त्याच वर्षी सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात करविले गेले. म्हणजे दर तीन गर्भधारणांपैकी एकीचा शेवट अशा रीतीने झाला. नदीच्या पुराचे पाणी घराघरांत शिरावे आणि प्रत्येक घराला मात्र आपल्याच उंबऱ्याआत पाणी आले असे वाटावे, तसा हा प्रकार आहे.

‘अनपेक्षित’ या शब्दाचा अर्थ येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. मूल हवे होते, पण दोन-तीन वर्षांनी, ही एक परी. आणि आता मूल नकोच होते, ही दुसरी. असा प्रत्येक गर्भ पुढे नकोसाच ठरतो असे नव्हे. कित्येक स्त्रिया प्रथम गोंधळतात, मग मनाची तयारी करतात आणि ते मूल घरचे लाडके होते. काही गर्भ आपोआप गळतात. काही मुले जन्मतात ती मात्र आईच्या खालावलेल्या प्रकृतीवर आणि तुटपुंज्या मिळकतीवर नवा भार होऊन. भारतात २०१५ च्या हिशेबाप्रमाणे अशा गर्भधारणांपैकी सुमारे दोन तृतीयांशांचा शेवट गर्भपातात झाला.

या स्त्रिया कोण? लोकांच्या मनात उभी राहते ती फसविली गेलेली कुमारिका. तशा मुली आहेत आणि त्यांची संकटे सर्वांत बिकट आहेत, यात शंका नाही. तथापि भारतात गर्भपात करविणाऱ्यांत बहुसंख्या विवाहित, संसारी स्त्रियांचीच आहे. कारणही उघड आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी नसबंदीची शस्त्रक्रिया करवून घेतली होती. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. निरोध वापरणारी जोडपी दहांत एकही भरत नव्हती, आणि गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया शंभरांत पाच होत्या. याचा अर्थ असा की, पुरती मुले होईतो बहुतेक संसार दैवावर हवाला ठेवून चालतात आणि मग स्त्री एकदाची शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते. मधली वर्षे उघडीच राहतात. शिवाय कोणतेही साधन निर्दोष नाही. नित्याच्या वापरात शंभर जोडपी केवळ निरोधावर विसंबली, तर वर्षभरात सुमारे तेरा स्त्रियांना दिवस राहतात. तेव्हा प्रत्येक अनपेक्षित गर्भामागे कोणाचा तरी बेजबाबदारपणाच असतो, हे म्हणणे हिशेबाला धरून नाही.

असा गर्भ राहण्याचे प्रसंग सर्व काळी होते. बदलत आला तो त्याचा शेवट; आणि तो ठरविला तो समाजाने उघडलेल्या अथवा बंद ठेवलेल्या दारांनी. १८५६ साली विधवाविवाह कायदेशीर झाला, परंतु रूढीने त्याला मान्यता दिली नाही. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविला. तरुण विधवेला दिवस गेले, की तिच्यापुढे विहीर, वैदूचे औषध किंवा नवजात अर्भकाचा गळा एवढेच मार्ग उरत. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने तेथे गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी ती सोय होती. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला आणि प्लेगच्या साथीत रोग्यांच्या सेवेला उभा राहिला. पंढरपुरातही १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने अशाच बालकांसाठी आश्रम निघाला.

जेथे असे दार नव्हते तेथे काय घडे, हे १८८१ साली सुरतेस दिसले. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या खटल्यावरून उठलेल्या गदारोळात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि सारा दोष स्त्रीच्याच माथी का, असा खडा सवाल केला. तो सवाल अद्याप पुरता सुटलेला नाही.

पुढचे दार रघुनाथ धोंडो कर्वे यांनी उघडले. गर्भ राहिल्यावर अश्रू ढाळण्यापेक्षा तो नको असल्यास राहूच नये, हा सरळ विचार घेऊन त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्यापायी प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांच्या निधनाच्या आधीच्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता.

गर्भपाताचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. १९६४ साली केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चोरून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया प्राणास मुकतात, ही गोष्ट तिच्यापुढे होती. १९६६ साली अहवाल आला, १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. संततिनियमनाचे साधन निकामी ठरणे हे सबळ कारण त्याने मान्य केले, परंतु केवळ विवाहितेच्या बाबतीत. २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ हे शब्द काढून त्या जागी ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. आता कायद्यातील कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते आणि विशिष्ट वर्गातील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी अविवाहितेलाही हा वाढीव अवधी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीची सही कायदा मागत नाही. तिचे नाव गुप्त राखणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

एवढे दार उघडे असूनही किती स्त्रिया त्यातून आत येतात? २०१५ सालच्या १ कोटी ५६ लाख गर्भपातांपैकी दवाखान्यांत व रुग्णालयांत झाले ते केवळ ३४ लाख. सुमारे १ कोटी १५ लाख स्त्रियांनी गोळ्या बाहेरून मिळवून आपला मार्ग आपणच काढला, आणि सुमारे ८ लाख स्त्रियांनी याहून धोक्याचे उपाय केले. या गोळ्या योग्य वेळी, योग्य रीतीने घेतल्या तर परिणामकारक आणि सुरक्षित असतात. वैदूच्या काडीपेक्षा तर शतपटीने. परंतु किती आठवडे झाले, गर्भ गर्भाशयातच आहे की नळीत, रक्तस्राव किती झाला म्हणजे इस्पितळ गाठावे, हे सांगणारे कोणी त्या स्त्रीजवळ नसते. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे अशी पाटी दवाखान्यात वाचून, सर्वच गर्भपात बेकायदा आहेत अशी अनेकींची समजूत होते. हे दोन निरनिराळे कायदे आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

कायद्याचा दंडुका उगारल्याने ही संख्या घटते, असाही अनुभव नाही. गर्भपातावर निर्बंध असलेल्या देशांत १९९० ते १९९४ या काळात अनपेक्षित गर्भधारणांपैकी ३६ टक्क्यांचा शेवट गर्भपातात होत असे. २०१५ ते २०१९ या काळात ते प्रमाण ५० टक्क्यांवर गेले. बंदीने गर्भपात थांबत नाही, तो अंधारात जातो.

तेव्हा उपाय दिसतो तो साधाच. लग्न झालेल्या जोडप्याला पहिल्या दिवसापासून साधनांची माहिती असावी, आणि ती जबाबदारी पुरुषानेही उचलावी. दिवस चुकल्याचे सासूला, बहिणीला किंवा डॉक्टरला सांगताना स्त्रीच्या पोटात भीतीचा गोळा येऊ नये. जिला मूल हवे आहे तिला आधार मिळावा. जिला ते वाढविणे शक्य नाही, तिला कायद्याने बालकल्याण समितीकडे मूल सोपविण्याची वाट ठेवली आहे, आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदतही. जिला गर्भ नको, तिला वेळेवर, नीट आणि अपमानाविना उपचार मिळावा. फुल्यांच्या घरात आलेल्या विधवेला कोणी आधी तिच्या चारित्र्याचा दाखला मागितला नाही. दीडशेहून अधिक वर्षांनंतर तेवढे सौजन्य प्रत्येक दवाखान्याच्या दाराशी आढळावे, ही अपेक्षा अवास्तव खासच नव्हे.