कैलासयात्रेची पूर्वतयारी : बळ आणि संयम

(कैलास-मानसरोवर यात्रेला निघू इच्छिणाऱ्यांच्या पूर्वतयारी वर्गातील भाषणाचे शब्दांकन)



कैलास-मानसरोवर हे हिंदू मनाचे शतकानुशतकांचे श्रद्धास्थान. जैन, बौद्ध आणि तिबेटातील बोन परंपरेचे अनुयायीही या पर्वताला पवित्र मानतात. १९८१ पासून परराष्ट्र मंत्रालयाच्या वतीने होणारी ही यात्रा २०२० ते २०२४ अशी पाच वर्षे खंडित होती. २०२५ साली ती लिपुलेख आणि नाथू ला या दोन्ही मार्गांनी पुन्हा सुरू झाली. साहजिकच अनेक घरांत तयारीची चर्चा होऊ लागली आहे. बूट कोणते घ्यावेत, लोकरीचे कपडे किती न्यावेत, याची चौकशी सगळेच करतात. परंतु विरळ हवेशी शरीर कसे जुळवून घेणार, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. वास्तविक यात्रेची सफलता आणि प्रसंगी यात्रेकरूचे प्राणही त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

उंचावर प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे सर्रास म्हटले जाते. ते तितकेसे अचूक नाही. मुंबईत असो वा मानसरोवराच्या काठी, हवेतील प्राणवायूचा वाटा सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. परिक्रमेतील डोलमा खिंड सुमारे १८,५०० फूट उंचीवर आहे. तेथे हा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा भरतो. म्हणजेच प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूही निम्माच मिळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी श्वासाची गती वाढते, नाडी जलद चालते, रक्तातील तांबड्या पेशी हळूहळू वाढू लागतात. यांतील काही बदल काही तासांत घडतात. काहींना दिवस, तर काहींना आठवडे लागतात. हा अवधी पैशाने विकत घेता येत नाही आणि मनोनिग्रहाने कमीही करता येत नाही.

या सत्याची किंमत भारतीय सैन्याने मोजली आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या काळात मैदानी प्रदेशातील जवानांना विमानाने थेट हिमालयाच्या उंचीवर पोहोचवावे लागले. धडधाकट, तरुण जवान शत्रूची गोळी न लागताही आजारी पडले. कित्येकांच्या फुप्फुसांत पाणी साचले. लष्करी वैद्य इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ साली तो प्रसिद्ध केला. पर्वतीय आजाराच्या जागतिक ज्ञानात या अभ्यासाला मानाचे स्थान आहे. आज सैन्यात यासाठी काटेकोर पद्धत आहे. ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, १२ ते १५ हजारांत चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस काढल्यानंतरच जवान कर्तव्यावर रुजू होतो. पहिले दोन दिवस तर केवळ विश्रांतीचे असतात. सीमेवरचा कणखर सैनिक जेथे ही शिस्त पाळतो, तेथे कार्यालयात बसून काम करणाऱ्या गृहस्थाने घाई करावी, यात कोणते शौर्य?

यात्रेच्या जुन्या पायवाटेत ही शिस्त आपोआप पाळली जात असे. गाला, बुधी, गुंजी, कालापाणी, नाभीढांग असे मुक्काम करीत यात्रेकरू पायी चढत. त्या चालण्यातच शरीर तयार होत असे. २०२० साली लिपुलेखच्या दिशेने रस्ता खुला झाला. सीमारक्षणासाठी आणि सीमावर्ती गावांसाठी तो अत्यंत मोलाचा आहे. मात्र तीन हजार फुटांवरच्या धारचुलाहून साडेदहा हजार फुटांवरच्या गुंजीला आता वाहनाने एका दिवसात पोहोचता येते. पाय वाचले, पण शरीराला मिळणारा अवधीही गेला. म्हणून गुंजी आणि नाभीढांग येथील मुक्काम हा वेळेचा अपव्यय नसून यात्रेचाच भाग आहे. दहा हजार फुटांच्या वर एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम सुमारे दीड हजार फुटांहून अधिक उंच नसावा, असा सर्वमान्य संकेत आहे. वाहनमार्गावर तो पाळता येत नसेल, तर त्या ठिकाणी रात्री वाढवाव्यात. दिवसा थोडे वर चालून यावे आणि झोपायला खाली परतावे.

घरच्या तयारीला किमान तीन-चार महिने द्यावेत. रोज भरभर चालणे, आठवड्यातून एकदा पाठीवर ओझे घेऊन सिंहगडासारखी चढण चढणे, यांनी पाय आणि हृदय बळकट होतात. प्राणायामाने श्वासाला शिस्त लागते. मात्र महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखरही सुमारे ५,४०० फूटच उंच आहे. येथील सरावाने ताकद येते. विरळ हवेची सवय तेथे गेल्यावरच होते. उत्तम प्रकृतीच्या माणसालाही पर्वतीय आजार होतो. किंबहुना बळाच्या भरवशावर वेगाने चढणाऱ्याला धोका अधिक. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असल्यास वैद्यकीय तपासणीत काहीही लपवू नये. डायमॉक्ससारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे; सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास तसे आधीच सांगावे. पाणी वरचेवर प्यावे. मद्य व झोपेच्या गोळ्या वर्ज्य समजाव्यात.

डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती असताना पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून गुलाबी फेस येणे म्हणजे फुप्फुसात पाणी साचल्याची खूण. चालताना झोक जाणे, असंबद्ध बोलणे म्हणजे मेंदूला सूज आल्याची. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू द्यावा आणि रुग्णाला तत्काळ खाली न्यावे. खाली उतरणे हाच खरा उपचार.

येथे सामूहिक शिस्तीची कसोटी लागते. परत पाठवतील या भीतीने अनेक जण डोकेदुखी लपवतात. त्यामुळे स्वतःचा जीव धोक्यात येतो आणि साऱ्या तुकडीवर संकट ओढवते. म्हणून प्रत्येकाने एकेका सहयात्रीची जबाबदारी घ्यावी आणि सकाळ-संध्याकाळ त्याची विचारपूस करावी. आजाऱ्याला एकटे मागे ठेवू नये, एकटे खालीही धाडू नये. त्याच्यासाठी दुसऱ्याला परिक्रमा सोडावी लागली, तर तिला अपूर्ण यात्रा म्हणू नये. सहयात्रीला सुखरूप घरी आणणे हेही कैलासनाथाच्या चरणी वाहिलेले पुष्पच होय.