नायकाचे जोडे व त्यांचीं नांवें

ब्रिटिश दूरचित्रवाणीवर १९६३ सालीं सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथामालेचा नायक काळाच्या प्रवाहांत मागेंपुढें संचार करतो आणि वेळोवेळीं रूप पालटतो. त्यामुळें नट बदलला तरी नायक तोच. २००५ सालीं डेव्हिड टेनंट हा स्कॉटिश नट त्याचा दहावा अवतार झाला. अंगांत नीटनेटका सूट, आणि पायांत मात्र कॅनव्हासचे रबरी तळाचे जोडे! हे जोडे कॉन्व्हर्स या अमेरिकन कंपनीचे. अमेरिकेंत त्यांना ‘स्नीकर’ म्हणतात. तळ वाजत नाहीं, चोरपावलांनीं चालतां येतें, म्हणून.

२०१३ सालच्या सुवर्णमहोत्सवी भागांत त्याचाच दुसरा अवतार या जोड्यांना ‘सँडशूज’ म्हणून हिणवतो, आणि तो तें साफ नाकारतो. गंमत अशी कीं, हा वाळूंतल्या जोड्यांचा शब्द स्कॉटलंडांत घरोघरचा. तेथें त्याचें लाडकें रूप ‘सॅनीज’. दर बारा कोसांवर भाषा बदलते, तिथें जोड्यांनीं काय करावें? शाळेंतल्या कवाइतीच्या साध्या कॅनव्हास-जोड्याला उत्तर इंग्लंडांत ‘पंप्स’ म्हणतात. वेल्स व ब्रिस्टलकडे ‘डॅप्स’. ही मालिका २००४ पासून वेल्समधल्या कार्डिफ शहरीं तयार होऊं लागली. म्हणजे नायक डॅप्सच्याच मुलखांत वावरत होता! उत्तर आयर्लंडांतील ‘गटीज’ हा शब्द गटापर्चा या झाडाच्या चिकापासून आला, आणि गटापर्चा हा शब्द मुळांत मलायी.

सर्वांत भारदस्त नांव ‘प्लिमसोल’. सॅम्युएल प्लिमसोल हे पार्लमेंटचे सभासद. लोभी मालक जुनाट जहाजांवर बेसुमार माल लादीत. जहाजें बुडत, खलाशी मरत, मालकाला विम्याचे पैसे मिळत. प्लिमसोल यांनीं रान उठविलें, आणि १८७६ च्या कायद्यानें जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगविणें सक्तीचें झालें. ती कोठें काढावी हें मात्र पुढें कित्येक वर्षें मालकाच्याच मर्जीवर राहिलें. अशा कायद्याला अर्धा कायदा म्हणावें! जोड्याच्या कॅनव्हासाभोंवतीं रबराची पट्टी असते. पाणी तिच्यावर चढलें कीं पाय भिजला. या साम्यावरून तें नांव पडलें, असें सांगतात.

आतां ‘ट्रेनर’ हा एकच शब्द दुकानोदुकानीं ऐकूं येतो. तरी ब्रिस्टलची आई मुलाला शाळेसाठीं अजून डॅप्सच आणते. पेटीवर छापलेलें असतें ‘प्लिमसोल’.